तक्ता फ्रिजवरून काढा आणि दादरच्या पुलावर चला

पत्र : ‘माझी मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजी. क्लासच्या बाईंनी अलंकारांचा एक मोठा तक्ता दिलाय, तो आम्ही फ्रिजवर चिकटवलाय. व्याख्या तिला घडाघडा येतात. पण चाचणीत ‘अलंकार ओळखा’ आलं की सगळं चुकतं. उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत तर तिचा हमखास गोंधळ होतो. कथालेखनाच्या वहीत बाईंनी लाल शेरा मारलाय : कथेत जीव नाही. जीव म्हणजे नेमकं काय घालायचं, हे तिलाही कळत नाही आणि मलाही. माझं मराठी दहावीनंतर सुटलं. नोकरी फोर्टला, घर लालबागला, घरी पोचेस्तोवर साडेसात होतात. धाकटा दुसरीत आहे. हिच्यासाठी मराठीचा वेगळा क्लास लावू का? – एक आई’

ताई,

क्लास लावू नका. का लावू नका ते शेवटी सांगते. आधी तो तक्ता काढा.

तक्ता वाईट नाही हो. पण तो उलट्या बाजूनं शिकवतो. त्यात आधी नाव, मग व्याख्या, मग एक उदाहरण, तेही आपल्या आजोबांच्या पुस्तकातलं. मुलगी तिन्ही पाठ करते. परीक्षेत चौथंच उदाहरण येतं आणि ती त्यात ओळखीचा शब्द शोधत बसते. ‘सारखा’ दिसला की उपमा, ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा. मग ‘तू सारखा रडत असतोस’ या वाक्यालाही ती उपमा म्हणणार. आणि ‘रोहन उंचीला मोहनसारखा आहे’ इथं मुलं हमखास फसतात. यात साम्य आहे, ‘सारखा’ आहे, पण अलंकार नाही. दोन मुलांची उंची मोजली, संपलं. उपमेला दोन वेगळ्या जातींच्या वस्तू लागतात आणि त्यांच्यातलं साम्य सुंदर, चमत्कारिक किंवा निदान मजेदार तरी असावं लागतं. रोहन ताडासारखा उंच असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा शिकवायची वाट उलटी करा. वाक्य आधी, नाव शेवटी. आणि मधे एकच प्रश्न विचारायचा : हे काढलं तर काय जाईल?

उदाहरण घरचंच घ्या. साडेसातला तुम्ही दारात पाऊल टाकता आणि धाकटा ओरडतो, ‘आई, पोटात कावळे ओरडतायत.’ लेकीला विचारा, यातले कावळे काढून सांग. ती म्हणेल, ‘आई, मला भूक लागलीय.’ अर्थ तोच राहिला. मग गेलं काय? आवाज गेला, कलकल गेली, ‘आत्ताच्या आत्ता दे’ ही घाई गेली. एवढं तिला सांगता आलं की अर्ध्याहून अधिक अलंकार तिला आले असं समजा. नाव नंतर चिकटवता येतं, त्याला पाच मिनिटं लागतात.

आता तुमची खरी अडचण, उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. हे तिघं तक्त्यात वेगवेगळ्या चौकटींत बसवलेले असतात, म्हणून ते तीन निराळे धडे वाटतात. ते एकाच जिन्यावर उभे आहेत. उपमेय म्हणजे ज्याबद्दल आपण बोलतोय ते आणि उपमान म्हणजे ज्याच्याशी त्याची जोडी लावतोय ते. या दोघांमधलं अंतर किती, एवढंच बघायचं. त्यासाठी तुम्ही दोघी रविवारी संध्याकाळी दादरच्या पुलावर उभ्या आहात असं समजा. मध्य रेल्वेकडून पश्चिम रेल्वेकडे जाणारी गर्दी हे आपलं उपमेय, पूर हे उपमान.

‘पुलावरची गर्दी पुरासारखी लोटत होती.’ गर्दी गर्दीच आहे, पूर पूरच आहे, मधे ‘सारखी’चं अंतर आहे. ही उपमा. सारखा, सम, समान, परी, प्रमाणे, जसा-तसा हे सगळे तिथले शब्द.

‘पुलावर जणू पूरच आला होता.’ आता अंतर कमी झालं. गर्दी पूर नाही हे बोलणाऱ्याला माहीत आहे, पण क्षणभर तो तसं धरून चाललाय. ही उत्प्रेक्षा. जणू, जणू काय, वाटे, भासे, गमे, की हे तिथले शब्द.

‘त्या गर्दीच्या पुरात मी वाहत वाहत फूलबाजारात जाऊन पडले.’ इथं अंतरच उरलं नाही. गर्दी आणि पूर एक झाले आणि पुराचं काम, म्हणजे वाहवून नेणं, तेही गर्दीनंच केलं. हे रूपक.

एवढ्यावर थांबलात तरी चाचणीपुरतं भागेल. पण जिना पुढे जातो आणि मुलांना पुढच्या पायऱ्याच जास्त आवडतात असा माझा वर्गातला अनुभव आहे. ‘ही गर्दी नव्हेच, हा पूर आहे!’ म्हणजे उपमेयालाच नाकारलं. ही अपन्हुती. या नावाला घाबरून मुलं तो प्रश्नच सोडून देतात, वास्तविक ओळखायला इतका सोपा दुसरा अलंकार नाही. ‘गर्दी म्हणावी की पूर?’ असा संशयच ठेवला तर ससंदेह. पुलाखालच्या एका गृहस्थांना खरोखर पूर वाटला आणि त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, तर भ्रांतिमान. ‘पूर परवडला, तो निदान ओसरतो तरी’ असं म्हटलं तर गर्दी पुरालाही भारी ठरली, हा व्यतिरेक. आणि सगळ्या उपमा हरल्यावर ‘दादरच्या गर्दीसारखी गर्दी दादरचीच’ म्हणायचं, हा अनन्वय.

हे सगळं एका पुलावर, एका गर्दीत झालं. मग लेकीला तिची स्वतःची जोडी निवडू द्या. गणपतीतल्या लालबागच्या रांगेत तुम्ही राहताच. ती रांग आणि अजगर, पाऊस आणि रुसलेलं पोर, शाळेतल्या बाई आणि आणखी काही (ते तिचं तिला ठरवू द्या, वहीत लिहू नका म्हणावं). तिनं एकाच जोडीची सात-आठ वाक्यं केली की ‘ओळखा’ हा प्रश्न तिला पुन्हा अडवणार नाही, कारण ती वाक्यं आतून कशी बांधतात हे तिनं पाहिलेलं असेल.

अनुप्रास आणि यमक यांचा अभ्यास डोळ्यांनी करूच नये, तो कानांचा विषय आहे. मोठ्यानं वाचा, पुन्हा पुन्हा येणारं अक्षर कानाला लागतं. म्हणींमध्ये तर यमकाची रेलचेल आहे : ‘कामापुरता मामा’, ‘गरज सरो, वैद्य मरो’. श्लेष म्हणजे एकाच शब्दात दोन अर्थ ठेवणं. ‘पहिल्याच पावसात शहराचं पाणी कळलं’ यातलं पाणी रस्त्यावरचंही आणि लायकीचंही. अतिशयोक्तीसाठी पुस्तक उघडायची गरजच नाही. तुमच्या नाक्यावर कुठल्या तरी भाऊंच्या वाढदिवसाचा फलक लागलेला असेलच. लाखो तरुणांच्या हृदयाचा ठोका, झंझावात, वादळ, सूर्य! एका फलकात अतिशयोक्ती आणि रूपक दोन्ही शिकून होतं, वर छपाईचा खर्चही आपला नाही.

चेतनगुणोक्तीबद्दल मात्र थोडं सावध करते. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते ती चेतनगुणोक्ती, इतकं सगळ्यांना येतं. म्हणून निबंधात वारा गातो, झाडं डोलतात, फुलं हसतात आणि मुंबई कधी झोपत नाही. परीक्षेत याला गुण मिळतात, मिळोत. पण ‘काढलं तर काय जाईल’ हा प्रश्न इथं विचारून बघा. फुलं हसली काय, उमलली काय, वाचणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही, इतकं ते वापरून झिजलंय. ‘शेवटची लोकल दमून, पाय ओढत कारशेडला गेली’ यात काही तरी आहे. लोकलला पाय कुठले, असं लेक विचारील. विचारू द्या.

इंग्रजीच्या तासाला याच गोष्टी तिला सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, हायपरबोली या नावांनी भेटतात. उपमा-सिमिली, रूपक-मेटॅफर, चेतनगुणोक्ती-पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती-हायपरबोली अशा जोड्या लावायला हरकत नाही. उत्प्रेक्षेला मात्र शाळेच्या इंग्रजीत स्वतंत्र घर नाही, तिकडे ‘जणू’वालं वाक्यही बहुधा सिमिलीतच जातं. तिचा गोंधळ थोडा तिथूनही येत असेल. आणि अलिटरेशन बहुतेक शब्दांच्या सुरुवातीचा आवाज धरतं, आपला अनुप्रास शब्दात कुठेही आलेलं अक्षर धरतो. दोन वह्या, दोन नियम.

आणि संख्येचं ओझं घेऊ नका. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार मोजून 4 आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या पंडितांनी वाढवत वाढवत ते शंभराच्या पलीकडे नेले. त्यांच्याकडे वेळ होता. सातवीतल्या मुलीला सात-आठ नीट कळले तर पुष्कळ झालं.

आता ‘कथेत जीव नाही’.

तुमच्या लेकीची वही मी पाहिलेली नाही, पण त्यात पाकिटाची गोष्ट असणार अशी पैज लावायला तयार आहे. एक गरीब पण प्रामाणिक मुलगा असतो. त्याला रस्त्यात पाकीट सापडतं. तो ते मालकाला परत करतो. मालक खूश होऊन बक्षीस देतो. तात्पर्य : प्रामाणिकपणाचं फळ गोड असतं. महाराष्ट्रातल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या इतकी पाकिटं सापडली आहेत की आश्चर्य वाटतं.

यात पात्र आहे, स्थळ आहे, घटना आहे, शेवट आहे, तात्पर्यसुद्धा आहे. तक्त्यावरचे सगळे घटक हजर. तरी जीव नाही, कारण त्या मुलाला काहीच नको आहे. त्यानं पाकीट परत करणं हे आपल्याला पहिल्या ओळीतच कळलं, ‘प्रामाणिक’ म्हटलं तेव्हाच. आता त्याला काही तरी हवं असू द्या. उद्या सहलीचे पैसे भरायचा शेवटचा दिवस आहे आणि घरून ‘पुढच्या वर्षी जा’ असं उत्तर आलंय. पाकिटात सहलीच्या पैशांपेक्षा थोडे जास्तच आहेत. झाला की नाही संघर्ष? शाळेत संघर्ष म्हटलं की मुलांना मारामारी वाटते. संघर्ष म्हणजे हवं असणं आणि मधे काही तरी आडवं येणं. इथं आडवा येणारा तो स्वतःच आहे.

मग स्थळ. ‘एका रस्त्यात’ हे स्थळ नव्हे. काढून बघा, काही जात नाही. तेच पाकीट बेस्टच्या बसमध्ये सीटखाली सापडू द्या. बस भरलेली आहे, शेजारच्या आजींनी त्याला वाकताना पाहिलंय, त्यांनी पाकीट पाहिलं की नाही हे त्याला माहीत नाही आणि त्याचा स्टॉप येतोय. आता बस काढली तर गोष्टच कोसळते. स्थळ असं कामाला लागलेलं हवं. ‘प्रामाणिक’ हा शब्दही खोडायला लावा. तो प्रामाणिक आहे की नाही हे शेवटपर्यंत आपल्याला कळता कामा नये. आणि बक्षीस? माझं मत विचाराल तर नकोच. पण परीक्षेत मुद्द्यांमध्ये बक्षीस दिलेलं असेल तर लिहायला सांगा, तिथं बंड करून गुण घालवू नयेत.

गोष्टीचे घटक शिकायला सर्वांत चांगली गोष्ट तुमच्या घरात असेलच, म्हातारी आणि भोपळा. धाकट्याला रात्री ती ताईनं सांगायची, असा नेम ठेवा. सांगताना तिच्या लक्षात येईल की यात सगळं ठासून भरलंय. म्हातारीला हवं काय? लेकीकडे जायचंय आणि जिवंत परत यायचंय. आडवं कोण येतं? रानातले कोल्हा, लांडगा, वाघ. (कोण आधी भेटतो ते घरोघरी बदलतं.) प्रत्येकाला ती तेच सांगते : लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. या एका वाक्यानं काय केलं बघा. तिची सुटका झाली, पण परतीच्या वाटेवर संकट पेरून ठेवलं गेलं. आता ती लेकीकडे मजेत जेवत असते तेव्हाही ऐकणाऱ्या पोराच्या पोटात गोळा असतो, कारण वाट तीच आहे. याला उत्कंठा म्हणतात. पूर्वसूचना म्हणतात तीही हीच. तेच तेच पुन्हा येणं कंटाळवाणं का होत नाही, हेही तिला विचारा. प्रत्येक वेळी समोरचा जनावर बदलतो आणि भीती वाढते, म्हणून.

परतताना म्हातारी भोपळ्यात. ‘म्हातारी-बितारी मला काय ठाऊक? चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!’ इथं सगळ्यांत मोठी गंमत आहे. आत कोण आहे ते धाकट्याला माहीत आहे, वाघाला माहीत नाही. ऐकणाऱ्याला माहीत आणि पात्राला नाही, या एका युक्तीवर जगभरची नाटकं उभी आहेत. धाकटा पांघरुणात तोंड खुपसून हसतो तो याच जागी. ‘टुणुक टुणुक’ काढून ‘भोपळा पुढे गेला’ असं सांगून बघा म्हणावं. तो लगेच उठून बसेल आणि चूक दाखवील. त्याला नादानुकारी शब्द ही संज्ञा ठाऊक नाही, पण काय गेलं ते बरोबर कळतं.

तिला एक जास्तीचं काम द्यायचं असेल तर हीच गोष्ट वाघाच्या तोंडून लिहायला सांगा. ‘मी दोन दिवस उपाशी, एक बाई मला शब्द देऊन गेली…’ निवेदक बदलला की कोणाची दया येते तेही बदलतं, हे व्याख्येनं कळत नाही, एक पान लिहिलं की कळतं.

इंग्रजीच्या पुस्तकात तिला गोष्टीचा एक डोंगरही दिसेल, चढ, शिखर, उतार. त्याचं मूळ गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकाकडे जातं. त्यानं 1863 साली नाटकाच्या रचनेवर लिहिताना तो आकार मांडला आणि त्याच्या डोळ्यांसमोर पाच अंकी नाटकं होती. लेकीची पंधरा ओळींची गोष्ट त्यात चपखल बसली नाही तर गोष्ट चुकली असं नव्हे. शिखर कुठे आहे एवढं तिला दाखवता आलं, म्हणजे आपल्या पाकिटाच्या गोष्टीत बस थांबते तो क्षण, तर बस्स.

वेळ कुठून आणायचा, हा तुमचा प्रश्न पत्रात लिहिलेला नाही पण दिसतो. रविवारी तासन्‌तास बसवून काही होणार नाही. रोज मेथी निवडताना किंवा डबे घासताना दहा मिनिटं पुरतात. गाडीत, दुकानात, शेजारी कानावर पडलेलं एक वाक्य तुम्ही आणायचं, एक तिनं आणायचं. शेजारणीनं उशिरा उठलेल्या मुलाला ‘आज फारच लवकर उठलात की!’ म्हटलेलं आणलंत तर उपरोध शिकून झाला. तुमचं मराठी दहावीनंतर सुटलं असं तुम्ही लिहिता, पण वहीतलं सुटलं असेल. ज्या भाषेत तुम्ही भाजीवाल्याशी घासाघीस करता तिच्यात हे सगळे अलंकार आहेत.

व्याख्या तिला येतातच, त्या चाचणीच्या आदल्या दिवशी एकदा म्हणून घ्या. उत्तर लिहिताना मात्र नुसतं ‘उपमा’ लिहून सोडू देऊ नका. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, साम्य कशात आणि ते दाखवणारा शब्द कोणता, असं पेन्सिलीनं प्रश्नपत्रिकेवर खुणा करून मग नाव लिहायचं. उपमेय-उपमान सापडलेच नाहीत तर आधी कान लावायचा, तो अनुप्रास, यमक, श्लेष यांच्यासारखा शब्दालंकार, म्हणजे शब्दांच्या नादावर किंवा खेळावर उभा अलंकार असू शकतो. तोही नसला तर अतिशयोक्ती किंवा चेतनगुणोक्ती आहे का बघायचं.

आणि क्लासबद्दल. नव्या क्लासात नवा तक्ता मिळेल. त्या पैशांऐवजी एका शनिवारी अर्धी रजा काढून शाळेत जा आणि शेरा मारणाऱ्या बाईंनाच वही उघडून विचारा : नेमक्या कोणत्या ओळीला जीव गेला? शिक्षकांना असं कोणी विचारत नाही. बहुतेक जणी खुर्ची ओढून बसवतात आणि दाखवतात. जाताना लेकीला बरोबर न्या, आणि पाकिटाची दुरुस्त केलेली गोष्टही.